ग्रस्तोदित सूर्याची वाट पाहताना

पंचांगात ग्रहणाच्या नोंदीजवळ कधीकधी 'ग्रस्तोदित' असा एक शब्द आढळतो. सूर्य ग्रासलेल्या स्थितीतच उगवला तर ते ग्रहण ग्रस्तोदित, आणि ग्रासलेला असतानाच मावळला तर ग्रस्तास्त. आपल्या जुन्या गणितज्ञांनी किती नेमके शब्द घडविले आहेत पाहा! आज मी यांपैकी पहिल्या प्रकारच्या ग्रहणाविषयी बोलणार आहे. असे ग्रहण डोळ्यांना इजा न होता कसे पाहावे, त्याचे छायाचित्र कसे घ्यावे आणि त्यासाठी कोणती तयारी करावी, हा आजचा विषय. मी एक साधी शाळाशिक्षिका आहे. या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्याही पदवीने दिलेला नाही. तो माझ्या उजव्या डोळ्याने दिला आहे.

२४ ऑक्टोबर १९९५ ची सकाळ. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आदल्याच रात्री लक्ष्मीपूजन झाले होते आणि इंदूरच्या आमच्या मोहल्ल्यावर फटाक्यांचा धूर अजून तरंगत होता. त्या दिवशी राजस्थानातील नीम का थाना येथून बंगालमधील डायमंड हार्बरपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास ग्रहण दिसले; आमच्याकडे ते खंडग्रास होते. आमचे घर ख्रिस्ती. तेथे वेध पाळण्याची रीत नाही. शेजारच्या मुलांना त्यांच्या आजीने दार लावून आत बसविले होते, आणि आम्ही भावंडे गच्चीवर उभे राहून त्यांना हसत होतो. सूर्य फार वर आलेला नव्हता. धुरातून तो तांब्याच्या ताटलीसारखा निस्तेज दिसे. अशा सूर्याला काय भ्यायचे? मी नुसत्या डोळ्यांनी पाहिले. थोडे ऊन चढल्यावर दादाने धुतलेल्या रंगीत फिल्मचे काळे टोक हातात दिले, त्यातून पाहिले. कोठे काही दुखले नाही, डोळ्यांतून पाणी आले नाही.

दुपारी पुस्तक उघडले, तेव्हा प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक करडा ठिपका बसलेला दिसला. नजर जेथे न्यावी तेथे तो पुढे हजर! डॉक्टरांनी तपासून सांगितले की सूर्याने दृष्टिपटलावर डाग दिला आहे. डावा डोळा काही महिन्यांत पूर्ववत् झाला. उजव्यातील ठिपका लहान झाला, पण गेला नाही. आजही डावा डोळा झाकून फळ्याकडे पाहिले, तर सरळ ओढलेली रेघ मला मध्ये किंचित वाकलेली दिसते, आणि एखाद्या शब्दातले एक अक्षर नाहीसे होते.

शेजारच्या मुलांचे डोळे मात्र शाबूत राहिले. दार लावण्यामागची त्यांच्या आजीची कारणे मला आजही पटत नाहीत. पण अर्धवट ज्ञानाने माझे जे नुकसान केले, ते त्यांच्या भाबडेपणाने त्यांचे केले नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की ग्रहणाच्या वेळी मुलांना घरात कोंडणे हा उपाय नव्हे, आणि त्यांना तयारीवाचून गच्चीवर नेणे हाही नव्हे. योग्य वाट या दोहोंच्या मधली आहे, आणि ती थोड्या कष्टाची आहे.

या कष्टांचा प्रसंग चौदा वर्षांनी आला. २२ जुलै २००९, बुधवार, आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस. त्या पहाटे चंद्राच्या गडद छायेने पृथ्वीला पहिला स्पर्श केला तो खंबायतच्या आखातानजीक. तेथून ती सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशी धावत पुढे चीनमध्ये आणि मग प्रशांत महासागरात गेली. महासागरावर खग्रास अवस्था सहा मिनिटे एकोणचाळीस सेकंद टिकली. एकविसाव्या शतकातील हे सर्वांत दीर्घ खग्रास ग्रहण. इंदुरात ती अवघी तीन मिनिटांच्या आसपास होती. सूर्योदय सहा वाजण्यापूर्वी थोडा, आणि खग्रास सुमारे सहा वाजून बावीस मिनिटांनी. म्हणजे सूर्य ग्रासलेलाच उगवणार, आणि पुरता झाकला जाईल तेव्हा क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर असणार. मी तेव्हा शाळेत नुकतीच स्थिरावले होते. वर्गातील चाळीस मुलांनी विचारले, "बाई, आपण पाहायचे ना?" मी 'हो' म्हटले, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. चाळीस मुले म्हणजे ऐंशी डोळे!

सकाळच्या ग्रहणातला धोका कोणता, तो प्रथम सांगते. क्षितिजाजवळच्या सूर्याचे किरण हवेच्या फार जाड थरातून येतात. त्यांतला निळा प्रकाश वाटेत विखुरला जातो आणि सूर्य तांबूस, सौम्य दिसतो. ही सौम्यता खरी असते, पण ती थोड्या मिनिटांची असते, आणि दर मिनिटास कमी होत जाते. शिवाय न दिसणारे अवरक्त किरण धुरातून आणि धुक्यातून बऱ्याच प्रमाणात येतच राहतात. ग्रहणात सूर्याचा मोठा भाग झाकला गेला की एकूण उजेड कमी होतो, डोळ्याची बाहुली विस्फारते. पण उरलेल्या कोरीचा प्रत्येक कण पूर्वीइतकाच प्रखर असतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. हाताला चटका बसला तर हात मागे येतो. डोळा मागे येत नाही. भूल न देता, पण भूल दिल्यासारखीच ही इजा होते.

आपल्याकडे परातीत पाणी घेऊन, त्यात हळद कालवून, ग्रहणाचे प्रतिबिंब पाहण्याची जुनी पद्धत आहे. भर दुपारी पाण्याचा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा फार लहान अंश, शंभरात दोन भाग, परत फेकतो. पण तेच किरण पाण्याला जवळजवळ समांतर येऊ लागले की चित्र पालटते. सूर्य पाच अंशांवर असताना पाणी निम्म्याहून अधिक प्रकाश परत फेकते. दुपारीही परात निर्धोक नसते; सकाळी तर ती आरसाच होते. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, रंगीत फिल्म, साधा काळा चष्मा, यांपैकी काहीही वापरू नये. आणि ढग म्हणजे गाळणी नव्हे, हे मुलांकडून दहादा वदवून घ्यावे, कारण पातळ ढग क्षणात विरतो.

मग पाहावे कशातून? ग्रहणासाठी मुद्दाम बनविलेले, आंतरराष्ट्रीय मानकाला उतरणारे चष्मे मिळतात, ते घ्यावेत. घरातल्या दिव्याकडे त्यांतून पाहिले असता जवळजवळ काहीच दिसू नये. ओरखडा किंवा टाचणीएवढे छिद्र आढळले, तर तो चष्मा कात्रीने कापून टाकावा, म्हणजे दुसरे कोणी उचलणार नाही. चौदा क्रमांकाची वेल्डिंगची काचही चालते. मात्र हा चष्मा लावून दुर्बिणीत कदापि पाहू नये. दुर्बिणीने एकवटलेले किरण त्याला भेदून डोळ्यात शिरतात.

याहून सोपा उपाय म्हणजे सूर्याकडे पाठ करून सूर्य पाहणे. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडावे आणि पलीकडच्या कागदावर पडणारे बिंब पाहावे. हे बिंब अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढे असते. एक मीटरवर ते नऊ मिलिमीटर भरते. येथे सकाळचा सूर्य आपला मित्र होतो, कारण त्याचे किरण आडवे येतात. पूर्वेच्या खिडकीत पुठ्ठा लावला, तर बिंब समोरच्या भिंतीवर पडते. आम्ही आणखी एक युक्ती केली. हातातल्या आरशावर काळा कागद चिकटवून त्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढे भोक पाडले, आणि आरसा उन्हात ठेवून त्याचा कवडसा सावलीतल्या भिंतीवर, नऊ मीटर अंतरावर पाडला. आठ सेंटिमीटरांचा सूर्य भिंतीवर उभा राहिला! साऱ्या वर्गाला एकाच वेळी दिसला. नियम एकच: आरशात कोणीही डोकावायचे नाही.

आता जागेची निवड. दुपारचे ग्रहण कोणत्याही अंगणातून दिसते. सकाळच्या ग्रहणाला पूर्व क्षितिज मोकळे लागते. सहा अंशांची उंची म्हणजे किती? शंभर मीटर अंतरावरचे दहा मीटर उंचीचे झाड तेवढा सूर्य झाकते. हात लांब करून मधली तीन बोटे आडवी धरली, तर सुमारे पाच अंश भरतात. या मापाने मुलांनी शाळेच्या परिसरातली प्रत्येक भिंत आणि प्रत्येक निंब मोजला. सूर्य नेमका कोठे उगवेल, हा पुढचा प्रश्न. जुलैत तो ठीक पूर्वेस उगवत नाही. इंदूरच्या अक्षांशावर तो सुमारे बावीस अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. पण पावसाळ्यात पहाटेचे आकाश ढगाळ, तेव्हा आगाऊ पाहणार कसे? येथे भूगोलाचा धडा कामास आला. २१ जूनला सूर्य उत्तरेच्या टोकाशी असतो. त्याच्या आधी एकतीस दिवस आणि नंतर एकतीस दिवस तो जवळजवळ एकाच जागी उगवतो. म्हणून २१ मे रोजी, उन्हाळ्याच्या सुटीत, मी एकटीच शाळेच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले. निरभ्र आकाशात, पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला सूर्य वर आला. कठड्यावर खडूने बाण काढला. पावसाच्या पहिल्या सरीने तो धुतला जाईल हे ध्यानात येताच, त्याच जागी लाल रंगाचा ठिपका दिला.

छायाचित्राची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण पुष्कळ लोक आरंभ तेथूनच करतात. कॅमेऱ्यातील सूर्यबिंबही त्याच एकशेदहाच्या हिशेबाने पडते. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने ते अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणजे मोहरीहून बारीक. पाचशेच्या भिंगाने साडेचार मिलिमीटरचे. म्हणून ज्याच्याजवळ लांब भिंग नाही त्याने खिन्न होऊ नये. त्याने सूर्याबरोबर क्षितिज, झाडे, मंदिराचा कळस असे काही घ्यावे. सकाळच्या ग्रहणाची खरी शोभा तीच. दुपारच्या ग्रहणात सूर्याखाली पृथ्वी नसते.

कॅमेऱ्याची सौर गाळणी भिंगाच्या पुढच्या बाजूस बसवावी, डोळ्याकडच्या बाजूस कधीही नाही. आरपार पाहण्याच्या खिडकीला डोळा न लावता मागच्या पडद्यावर चित्र पाहावे. तिपाई आणि दोन सेकंद थांबून आपोआप उघडणारे बटण, म्हणजे हात लागून चित्र हलत नाही. झोत बंद ठेवावा. दूरच्या वस्तूवर आदल्या दिवशीच नेम साधून भिंगाच्या कड्याला चिकटपट्टी लावावी. पहाटेच्या दमट हवेत काचेवर दव धरते, यास्तव कॅमेरा अर्धा तास आधी बाहेर काढावा. क्षितिजाजवळ प्रकाश मंद असल्याने गाळणीतून पाहताना उघडझाप सावकाश ठेवावी लागते, आणि सूर्य चढू लागला की दर दोनतीन मिनिटांनी ती जलद करावी लागते. एकच माप पकडून बसू नये. खग्रास अवस्थेत, आणि केवळ त्याच अवस्थेत, गाळणी काढावी. किरीटाचा आतला भाग तेजस्वी, बाहेरचा मंद. त्यामुळे सेकंदाच्या हजाराव्या भागापासून पूर्ण सेकंदापर्यंत निरनिराळी चित्रे घ्यावीत. सूर्याची पहिली ठिणगी परत दिसण्यापूर्वी गाळणी आणि चष्मे जागच्या जागी आलेच पाहिजेत.

तीन मिनिटे म्हणजे एकशे ऐंशी सेकंद. पंधरा दिवस आम्ही रोज प्रार्थनेनंतर त्यांची तालीम केली. 'चष्मे' म्हटले की चष्मे वर; दीडशे मोजून झाले की पुन्हा 'चष्मे', आणि सर्वांचे चष्मे खाली. ही मोजणी कोणी करायची? मोजणाऱ्याला घड्याळाकडे पाहावे लागणार, आकाशाकडे नाही. वर्गातला सर्वांत अबोल मुलगा उठून म्हणाला, "बाई, मी मोजतो. तुम्ही मला नंतर सांगा." त्या वाक्याने माझी सर्व तयारी मला थिटी वाटली. मी ठरविले, आपण कॅमेऱ्यामागे उभे राहायचे नाही. त्याच्या शेजारी उभे राहून शंभर झाल्यावर मोजणी आपल्याकडे घ्यायची. कॅमेरा दादाने पाठविला होता, त्याच्याबरोबर चाळीस चष्मे आणि एक ओळीची चिठ्ठी: 'या वेळी फिल्मचा तुकडा नाही.' चौदा वर्षांत आम्ही त्या दिवसाविषयी एकमेकांशी एकदाही बोललो नव्हतो.

आणि ती सकाळ उजाडली. शेजारच्या घरात अवसेचे दिवे घासूनपुसून पाटावर मांडले होते. पाच वाजता पालक मुलांना घेऊन गच्चीवर आले. लाल ठिपक्याच्या दिशेने सर्वांची तोंडे झाली, आणि त्या दिशेस काळ्या ढगांची भिंत उभी होती. सहा वाजले. सव्वासहा झाले. ढग तसूभर हलले नाहीत. एका मुलीने चष्मा काढून विचारले, "आता कशाला, बाई?" मी म्हटले, "लाव. ढग म्हणजे काय नव्हे?" "गाळणी नव्हे," सारी गच्ची एका सुरात म्हणाली.

सहा बावीसला पश्चिमेकडून अंधार आला. दिवा मालवल्यासारखा नव्हे. कोणी मोठी घोंगडी ओढीत यावे तसा. उजाडताना निघालेली पाखरे कलकलाट करीत झाडांत परतली. गार वारा सुटला. मुलाने मोजायला आरंभ केला. त्याचा आवाज कापत होता, पण आकडा चुकला नाही. शंभराला मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचे मोजू लागले. त्याने मान वर केली. ढगांपलीकडे सूर्य होता की नव्हता, हे त्या काळोखात कोणालाच दिसत नव्हते; तरी त्याने जे पाहिले ते त्याचे होते. दीडशे. 'चष्मे!' चाळीस हात एकदम खाली आले. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा सकाळ झाली.

सूर्याचे एकही छायाचित्र मिळाले नाही. दादाच्या कॅमेऱ्यात एकच चित्र आहे, कोणा पालकाने घेतलेले, अंधुक आणि हललेले. त्यात कपाळावर चष्मे चढविलेली मुले दिसतात आणि मध्ये घड्याळ धरलेला एक मुलगा. वाराणसीला त्याच सकाळी लोकांना ग्रहण स्वच्छ दिसले, हे कळले तेव्हा मुले हिरमुसली. मी मात्र त्या दुपारी प्रत्येकास एक ओळ वाचावयास दिली. प्रत्येकाने सगळी अक्षरे वाचली.

आमचे कष्ट वाया गेले नाहीत. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, पुन्हा लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे ग्रस्तास्त ग्रहण आले. पश्चिमेच्या क्षितिजासाठी तेच माप, तोच आरसा, तीच तालीम. सूर्य उलट्या क्रमाने सौम्य होत जातो एवढाच फरक. पण सौम्य झाला म्हणून चष्मा उतरवायचा नाही, हा नियम तोच. त्या सायंकाळी आमच्या जिन्याच्या भिंतीवर, कडेने खाल्लेल्या भाकरीसारखा सूर्य उतरला, आणि एका विद्यार्थिनीने मोबाइलवर त्या भिंतीचे छायाचित्र घेतले. सूर्याकडे पाठ करून घेतलेले ते सूर्याचे चित्र माझ्या वर्गात लावलेले आहे.

श्रोतेहो, २ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्त आणि अरबस्तानातून खग्रास ग्रहणाचा पट्टा जाईल. आपल्या भागात ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. खंडग्रास ग्रहणात असा एकही क्षण नसतो, की ज्या वेळी नुसत्या डोळ्यांनी पाहणे चालेल. दिवस ऐन पावसाळ्याचे आहेत. ढग आले तर येवोत. चष्मे आधी घ्या, जागा आधी पाहून ठेवा, मुलांची तालीम आधी करा. कॅमेरा असल्यास उत्तमच. नसल्यास आरशाचा एक तुकडा आणि काळा कागद पुरे आहे. आणि ग्रहण सुटल्यावर घरातल्या प्रत्येक मुलाला वर्तमानपत्रातली एक ओळ वाचायला द्या. ती त्याने अडखळल्याशिवाय वाचली, की आपली तयारी पुरी झाली असे समजा.